क्लिअर विनाईलवर (पारदर्शक स्टिकरवर) व्हाईट शाई नीट बसत नाही, टेक्निशियन म्हणतोय प्रिंटरचं हेड (शाई उडवणारा भाग) बदला. बदलू का?

नका बदलू. म्हणजे इतक्यात तरी नका. तुम्ही लिहिलंय की इको सॉल्व्हंट शाईच्या प्रिंटिंग मशीनवर सराफाच्या काचेसाठी क्लिअर विनाईल मारलं तर रंग फिके येतात, ट्यूबलाईटसमोर धरलं की अक्षरांतून आरपार दिसतंय आणि कडेनं पांढरी किनार सुटलीय. या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत दादा, तिन्ही एकट्या हेडच्या माथी मारायला हेड काय भाजीमंडईत मिळतंय का.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बरीच वर्षं हेच काम करतोय. पहिल्यांदा आम्ही काय करतो ते सांगतो. ज्या विनाईलवर काम आहे त्याच्याच कटपीसवर ५ सेंटीमीटरचे तीन चौकोन काढायचे, एक नुसता व्हाईट १०० टक्के, दुसरा नुसता रंग आणि तिसरा व्हाईट आणि रंग दोन्ही. वाळू द्यायचं आणि मग खाली काळं काहीतरी ठेवून बघायचं. व्हाईटचा एकटा चौकोन सपाट, भरीव आला तर मशीन बरोबर आहे, चूक तुमच्या फाईलमध्ये नाहीतर रिपमध्ये, म्हणजे फाईल मशीनला समजेल अशी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे. त्यातच रेघा दिसल्या, पातळ आला, तर मग शाईकडे आणि नोझलकडे, म्हणजे हेडच्या बारीक भोकांकडे, वळा. एवढं न करता लोक दिवसभर हेड क्लीनिंग मारत बसतात, शाई वेस्ट टँकमध्ये जाते आणि वर पाईपात हवा शिरते ती वेगळीच.

आणि नोझल चेक, म्हणजे सगळी भोकं चालतात का ते बघायची छाप, पांढऱ्या कागदावर काढून बघत असाल तर तो काढून उपयोग काय, पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं. काळ्या विनाईलचा तुकडा कायम मशीनशेजारी ठेवा.

आता शाईचं. व्हाईटमध्ये टायटॅनियम डायऑक्साईड, म्हणजे पांढरी पूड, असतं, ते पाण्याच्या चौपट जड, म्हणून ते खाली बसतंच, कंपनी कुठलीही असू दे. दिवाळीला घराला चुना मारायचे तेव्हा बादली रात्रभर ठेवली की वर निवळी आणि खाली गाळ, तसंच. तुम्हाला वाटतं व्हाईट पडतीय पण पडतीय ती वरची निवळी, मग आरपार दिसणारच. २०१९ च्या महापुरात आमच्या भागात सहा दिवस लाईट नव्हती, मशीन बंद, आणि नंतर डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) काढून बघितला तर तळाला सायीसारखा घट्ट थर आणि वर नुसतं गढूळ पाणी. सायन, मजेंटा या रंगीत शाया जागच्या जागी, फक्त व्हाईटची वाट लागलेली. तेव्हा डॅम्पर, फिल्टर बदलले, लाईनमधली जुनी शाई काढून टाकली आणि त्याच हेडवर काम सुरू झालं. म्हणून रोज सकाळी कार्ट्रिज काढून हलवायची, पण सावकाश, आडवी-उभी करून. सोड्याची बाटली हलवल्यासारखी जोरात हलवली की फेस होतो, बुडबुडे लाईनमध्ये जातात आणि तासाभरात नोझल शाई सोडेनासे होतात. दोन क्लीनिंगमध्ये सुधारलं नाही तर थांबा, अर्धा तास मशीन तसंच ठेवा, मग परत चेक काढा. आणि काम नसलं तरी व्हाईटची एक छोटी पट्टी रोज मारायचीच.

फाईलचा घोळ मात्र जास्त वेळा असतो. कोरलमध्ये पांढरा रंग दिला म्हणजे व्हाईट पडली असं होत नाही, चारही रंगीत शाया शून्य-शून्य-शून्य-शून्य म्हणजे रिपच्या हिशोबानं इथं काहीच मारू नको. व्हाईटला वेगळा स्पॉट कलर, म्हणजे स्वतःचं नाव असलेला रंग, लागतो आणि त्याचं नाव रिपला हवं तेच आणि तसंच, रोलंड मशीनच्या व्हर्सावर्क्स रिपला आरडीजी_व्हाईट (RDG_WHITE), सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, मधे अंडरस्कोर. आम्ही स्क्रीनवर दिसावं म्हणून त्या स्पॉट कलरला फिका गुलाबी देतो. एकदा नवीन पोरानं नावात एक स्पेस जास्त टाकली आणि मशीननं तो गुलाबीच इमानदारीत छापला, चार फूट. तो स्पॉटचा ऑब्जेक्ट ओव्हरप्रिंट फिल (खालचा रंग तसाच ठेवून छापायची सेटिंग) करा, नाहीतर तो खालचा रंग कापून टाकतो आणि तुम्ही म्हणता रंग का आला नाही. पीडीएफ काढताना स्पॉट कलर कन्व्हर्ट करायची खूण काढायची आणि ओव्हरप्रिंट ठेवायची खूण करायची. शॅडो आणि ट्रान्सपरन्सी व्हाईटच्या लेअरजवळ नकोच. आणि जेपीजी तर विसरा, त्यात स्पॉट राहतच नाही, गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर पाठवतंय ते असू दे, तुम्ही परत बांधून घ्या.

किनार सुटतीय ती चोक कमी म्हणून. चोक म्हणजे व्हाईट रंगापेक्षा थोडी आत ओढणं. पण लोक रिपमध्ये १ पिक्सेल टाकतात आणि म्हणतात चोक चालत नाही. ७२० डीपीआयला (इंचात ७२० ठिपके) १ पिक्सेल म्हणजे ०.०३५ मिलिमीटर, त्यानं काय होणार. पाव मिलिमीटर आत घ्यायचं तर ७ पिक्सेल लागतात. फक्त बारीक अक्षरं असतील तर जपून, दोन्ही बाजूंनी पाव-पाव गेलं की अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली व्हाईटच उरत नाही. आणि मशीन आधी सगळी व्हाईट मारून विनाईल मागं घेऊन मग रंग मारत असेल, तर हीटरनं विनाईल थोडं ताणलेलं असतंय, लांब जॉबला शेवटी शेवटी व्हाईट सरकते. मग दोन्ही लेअर एकाच फेरीत पडतील असा मोड घ्या. वेळ जातो, पण जातो तर जातो.

शेवटचं, आणि सराफाची काच म्हणालात म्हणून विचारतो, स्टिकर आतून लागणार की बाहेरून? बाहेरून असेल तर व्हाईट आधी, रंग वर. आतून चिकटवून रस्त्यावरून दिसायचं असेल तर मिरर करून रंग आधी आणि व्हाईट नंतर. मी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका दुकानाला हे विसरून नेलं होतं, गल्ल्यावर बसलेल्या शेठना अक्षरं झकास दिसत होती आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला उलटे पांढरे ठोकळे. आमचीच चूक, दुसऱ्या दिवशी फुकट करून दिलं. रात्री मागून लाईट लावणार असतील तर आणि वेगळं, रंग, व्हाईट, परत रंग असं तीन थरांत मारायचं, म्हणजे दिवसा व्हाईटवर रंग उठतो आणि रात्री दोन्ही थरांतून उजेड येऊनही तो धुऊन गेल्यासारखा वाटत नाही. तिथं व्हाईट फार जाड केली तर बोर्ड काळवंडतो, त्यामुळं छोटा तुकडा मारून प्रत्यक्ष लाईटवर धरूनच ठरवा.

तर ते तीन चौकोन काढा आणि फोटो टाका इथं, मग बघू. फोटो काळ्या कापडावर ठेवून काढा तेवढा. मागं एकानं पांढऱ्या टाईलवर ठेवून पाठवला होता आणि वर विचारतोय, दिसतंय का.