गवा कुणाच्या जवळचा? ‘वंशवृक्ष’ आणि ‘पासून’

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: प्राण्यांची नाती दाखवणाऱ्या आकृतीला, म्हणजे फायलोजेनेटिक ट्रीला, ‘वंशवृक्ष’ म्हणावं का? आणि तिच्यावर बोट ठेवून ‘हा त्याच्यापासून झाला’ असं वर्गात सांगितलं तर चालेल का?

‘वंशवृक्ष’ चालेल, पण मी ‘उत्क्रांतिवृक्ष’ म्हणेन. वंशवृक्ष म्हटलं की घराण्याची वंशावळ डोळ्यांपुढे येते, आणि तिच्यात मूळ पुरुषापासून नातवापर्यंत प्रत्येक जागी नाव असतं. उत्क्रांतिवृक्षात नावं फक्त टोकांना. रेषा जिथे फुटते तिथला पूर्वज अनुमानाने मांडलेला असतो. ‘जातिवृक्ष’ हा शब्द नेमका आहे खरा, पण ‘जात’ला चिकटलेला दुसरा अर्थ वर्गात आडवा येतो.

खरी अडचण ‘पासून’ची आहे. आपला राज्यप्राणी गवाच घ्या. मराठीत त्याला गवारेडा म्हणतात, कोकणीत गवो रेडो. नावात रेडा असल्यामुळे मुलं त्याला म्हशीचा भाऊबंद समजतात. पण गवा आणि गाय दोन्ही ‘बॉस’ या प्रजातीतले आहेत, तर म्हैस ‘ब्युबॅलस’मधली. म्हणजे गवा गाईला जवळचा.

फळ्यावर एक रेषा काढा आणि तिला दोन फाटे फोडा. एका फाट्याच्या टोकाला म्हैस लिहा. दुसरा फाटा थोडा पुढे नेऊन पुन्हा फोडा आणि तिथे गवा व गाय लिहा. या फुटण्याच्या जागेला मी ‘तिठा’ म्हणेन: एक वाट येते, दोन जातात. गोव्यातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता टोकांकडे पाहा. म्हैस, गवा, गाय असा क्रम लागला, तर गवा म्हशीला खेटून बसलेला दिसतो. या शेजाराला काही अर्थ नाही. शेवटचा तिठा फिरवून गाय आणि गवा यांची अदलाबदल केली, तरी आकृती तीच राहते. नातं वाचायचं ते टोकांवरून मागे येत. गवा आणि गाय यांच्या रेषा आधी भेटतात, म्हशीची रेषा त्याहून जुन्या तिठ्यावर. म्हणून म्हैस दोघांनाही सारख्याच अंतरावर.

यात कुणीही कुणापासून झालेला नाही. ‘गवा आणि गाय यांचा पूर्वज एक’ असं म्हणावं. ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्यही याच कारणाने खटकतं: आजची माकडं आपल्यासारखीच टोकांवर आहेत. ‘पासून’ शोभतो तो खऱ्या पूर्वजाबद्दल बोलताना. पाळीव गाय ऑरॉक्स या रानटी गुरापासून आली, असं खुशाल म्हणा. त्यातली शेवटची गाय १६२७ साली पोलंडमध्ये मेली.

टोकाला ‘शेंडा’ मात्र म्हणू नये. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलने १८७४ साली जाड बुंध्याचं झाड काढून माणसाला अगदी वर बसवलं, आणि ‘वरचा तो प्रगत’ ही समजूत अजून पाठ सोडत नाही. आकृती आडवी काढली, मूळ डावीकडे आणि सगळी नावं उजवीकडे एका ओळीत, तर वर-खाली असण्याचा प्रश्नच उरत नाही.