मुलीच्या मेलचा पासवर्ड आणि न्यूजलेटरची यादी

घणसोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी २४ वर्षांची, बीएएमएमसी (मास मीडियाची पदवी) झालेली, दोन वर्षं घरूनच फ्रीलान्स काम करते. मसाले, लोणची, ड्रायफ्रूट विकणाऱ्यांची पॅकिंगची लेबलं आणि जोडीला थोडे रील्स. एखाद्या महिन्यात ३५ हजार मिळतात, एखाद्यात ९. फ्रीलान्सर आणि क्रिएटर लोकांसाठी असलेले इंग्रजी न्यूजलेटर तिला ३० तरी येतात, ती ते वाचत बसते, वडील म्हणतात बँकेची परीक्षा दे. आईचा प्रश्न असा की यातले खरंच उपयोगाचे कुठले ते सांगा, म्हणजे मी आधी वाचून महत्त्वाचं तेवढं वहीत काढून तिला देईन, मेलचा पासवर्ड माझ्याकडे आहेच. आणि पत्राच्या शेवटी, एका कंपनीने ६० हजारांच्या बिलातून ६ हजार कापले म्हणून मीच तिच्या मेलवरून त्यांना खरमरीत लिहिलं, तेव्हापासून त्यांचं काम आलेलं नाही आणि मुलगी धड बोलत नाही.

ताई, न्यूजलेटरचं नंतर बघू, आधी पासवर्डचं बोलते. फ्रीलान्स करणाऱ्याचा मेल म्हणजे त्याचं दुकान. गिऱ्हाईक तिथेच येतं, भावाची घासाघीस तिथेच होते, बिल तिथूनच जातं, आणि तुम्ही त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून मुलीच्या नावाने तिच्या गिऱ्हाइकाशी भांडलात. समोरच्या माणसाला थोडंच माहितीय की मेल आईने लिहिलाय? त्याला एवढंच दिसलं की या मुलीला टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स, माहीत नाही आणि न विचारता सरळ पैसे खाल्ल्याचा आरोप करते. काम थांबलंय ते त्या मेलमुळे, न्यूजलेटर वाचण्यामुळे नाही.

ते ६ हजार कुणी खाल्लेले नाहीत. प्रोफेशनल फी वर्षाला ५० हजारांच्या वर गेली की कंपनीला १० टक्के टीडीएस कापावाच लागतो, तो मुलीच्या पॅनवर सरकारकडे जमा होतो, इन्कम टॅक्सच्या साइटवर तिला तो दिसेल. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, म्हणजे तिने रिटर्न भरला की हे पैसे परत तिच्याच खात्यात येणार. हे तिला विचारलं असतंत तर कदाचित तिनेच सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तिला व्यवहारातलं काही कळत नाही हे तुम्ही आधीच धरून चाललाय.

तुम्ही लिहिलंय की घरात तिच्या बाजूने फक्त मी आहे. ताई, मला तसं वाटत नाही. वडील उघड नाही म्हणतात, त्यांच्याशी तिला भांडता तरी येतं. तुमच्याशी कशी भांडणार, तुम्ही तर मदत करताय! तिचे मेल आधी तुम्ही वाचायचे, महत्त्वाचं काय ते तुम्ही ठरवायचं, रात्री जेवताना आज काय वाचलंस आणि त्यातलं काय केलंस हे विचारायचं, हा दहावीचा अभ्यास आहे का? ज्या मुलीने दोन वर्षांत स्वतः गिऱ्हाईकं मिळवली, ६० हजारांचं एक बिल केलं, तिला तुम्ही परत शाळेत बसवताय, आणि मला भीती वाटते ती याची, ९ हजारांच्या महिन्याची नाही. ते महिने येणारच, धंद्यात येतात. पण घरात कुणीतरी सतत मागून वाचतंय हे डोक्यात असलं की माणूस मोठ्या रकमेचं कोटेशन पाठवायलाच घाबरतो, कारण नकार आला तर तोही आधी आईच वाचणार.

बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, एमबीएची सीईटी, सगळे मार्ग चांगले आहेत आणि तिचं वयही आहे, पण तिची इच्छा नसताना फॉर्म भरून फक्त फी जाते.

आता न्यूजलेटर. तुमचा समज असा दिसतोय की हे लोक आपल्यासारखंच काम करून मोठे झाले आणि आता ती युक्ती फुकट वाटतायत, म्हणून योग्य ते शोधून वाचले की मुलगी मार्गी लागेल. पण लेबलं बनवून मोठा झालेला माणूस त्यात क्वचित सापडेल, बरेच जण न्यूजलेटर चालवूनच मोठे झालेत. त्यांचं उत्पन्न स्पॉन्सरकडून येतं आणि वाचकांना विकलेल्या कोर्समधून येतं, म्हणजे तुमची मुलगी त्यांची गिऱ्हाईक आहे, हे डोक्यात ठेवून वाचलं तर काही बिघडत नाही. तुम्ही लिहिलंय ना, ती म्हणते हजार पक्के चाहते मिळाले की झालं. तो केविन केलीचा २००८ चा लेख आहे, हजार जणांनी वर्षाला १०० डॉलर दिले की १ लाख डॉलर होतात, असा तो हिशोब. स्वतःची गाणी, चित्रं थेट लोकांना विकणाऱ्या कलाकारासाठी तो हिशोब बरोबर आहे. तुमची मुलगी दुसऱ्याच्या मालाला लेबल करून देते, तिला हजार चाहते नकोतच, वर्षातून तीन-चारदा काम देणारी आठ-दहा गिऱ्हाईकं पुरतात. आणि अमेरिकन न्यूजलेटरमधला टॅक्सचा, एलएलसीचा (तिकडच्या कंपनीचा एक प्रकार) भाग तर तिने सरळ सोडून द्यावा, तो आपल्याकडे लागूच नाही. आपल्याकडे सर्व्हिस देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तिला सध्या एवढं पुरे.

नावंच हवी असतील तर तीन सांगते, बाकीचे तिने बंद केले तरी चालतील. जोनाथन स्टार्क, तासावर पैसे घेऊ नका, गिऱ्हाइकाला त्या कामाची किंमत किती आहे त्यावर घ्या, हेच तो वर्षानुवर्षं वेगवेगळ्या बाजूंनी सांगतो, आणि तिच्या आकड्यांवरून मला वाटतं की तिचे दर कमी आहेत. अ‍ॅन हँडली, पंधरा दिवसांनी रविवारी येतं, साधं आणि माणसासारखं कसं लिहावं यासाठी. आणि आपल्याकडचं फिनशॉट्स, रोजचं, तीन मिनिटांत वाचून होतं, गिऱ्हाईक धंद्याचं बोलतं तेव्हा आपण कोरे नसतो.

पण खरं सांगू, तिने आता वाचण्यापेक्षा स्वतः एक न्यूजलेटर लिहायला घ्यावं, हजारांसाठी नाही, आजवर तिने ज्यांचं काम केलंय तेवढ्यांसाठीच. महिन्यातून एकदा, मेलवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर, दहा-बारा ओळी. लोणचंवाल्या काकूंना उपयोग होईल असं लिहायचं, म्हणजे लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर कुठे टाकायचा, निव्वळ वजन किती ठळक हवं, शाकाहारी मालाला हिरव्या चौकोनात हिरवा गोल असतो पण सुक्या मासळीच्या चटणीला आता तपकिरी त्रिकोण लागतो, पूर्वीसारखा गोल चालत नाही. जुनी पाकिटं छापून घेतलेल्या माणसाला हे वाचून लगेच फोन करावासा वाटतो. गणपतीच्या आधी दोन महिने, दिवाळीच्या लेबलांचं आत्ता ठरवलंत तर छपाई आरामात होईल, एवढी एक ओळ. हे तिच्याइतकं कुणाला माहितीय? तुम्ही घणसोलीत राहता ताई, रबाळे, महापे, तुर्भे, पावणे सगळा टीटीसीचा कारखान्यांचा पट्टा दाराशी आहे, एपीएमसीचं मसाला मार्केट तिथून किती लांब, ट्रेनने ठाण्याला आलं की वागळे इस्टेट. महिन्यातले दोन दिवस तिने लॅपटॉप बंद करून सँपलची पिशवी घेऊन तिकडे फिरावं, आणि कृपा करून तुम्ही सोबत जाऊ नका.

आणखी एक, तिने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी, आधार आणि पॅनवर होते, सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही, पैसे मागणाऱ्या साइट असतात त्यांच्या नादी लागू नये. नोंदणी असली की कायद्याने गिऱ्हाईक कंपनीला तिचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलाखाली उद्यम नंबर छापलेला असला की आठवण करून देणारा मेलही मऊ भाषेत लिहिता येतो.

त्या कंपनीला माफीचा मेल जायला हवा, पण तो तुम्ही लिहू नका आणि तिला मजकूरही सांगू नका. कटिंग टीडीएसचं होतं हे लक्षात आलं, आधीच्या मेलबद्दल सॉरी, टीडीएस सर्टिफिकेट कधी मिळेल, एवढं तिने लिहिलं तरी पुरे, काम परत येईल की नाही ते सांगता येत नाही. पासवर्ड आजच्या आज तिला बदलू द्या, नवा विचारू नका, ती वही ठेवून द्या, आणि हे उत्तर तिला पूर्ण वाचायला द्या, खुणा न करता. पुढचं काही विचारायचं असेल तर तिने स्वतः मला लिहावं.