बंद दार फोडायला अग्निशमन दलाचे जवान आणि पोलीस कोणती हत्यारं वापरतात?

सिनेमातल्यासारखा खांदा मारलात तर दाराआधी खांदाच निखळेल. जवानांचं खरं हत्यार म्हणजे हॅलिगन बार. न्यूयॉर्क अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन यांनी १९४८ मध्ये घडवलेली ही पोलादी पहार. एका टोकाला दुभंगलेला फाटा, दुसऱ्या टोकाला वाकसासारखं पसरट पातं आणि त्याच्याशी काटकोनात अणकुचीदार सुळका.

आत उघडणारं दार असेल तर कुलपाजवळ, दार आणि चौकटीच्या फटीत आधी पातं घालून फट रुंदावतात. मग तिथे फाटा लावायचा आणि जोडीदाराने सपाट पाठीच्या कुऱ्हाडीने तो आत ठोकायचा. फाटा चौकटीच्या पलीकडे पोचला की पहार दाराकडे रेटायची. ताकदीपेक्षा तरफेची करामत जास्त. बाहेर उघडणाऱ्या दाराला मात्र पात्यानेच उचकटतात.

पोलिसांना झटपट आत शिरायचं असतं, म्हणून ते दोन मुठींचा जड धातूचा ओंडका कुलपापाशी हाणतात. बाहेर उघडणाऱ्या दारावर तो फारसा चालत नाही, चौकटच आडवी येते.

आणि हो, सगळ्यात आधी कडी फिरवून बघतात. दार उघडंच असायचं कधीकधी!