फोर्कला स्प्रिंग नाही, मग टायर किती रुंद?

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत: रिजिड माउंटन बाइक आणि जाड टायर. अशा सायकलच्या फोर्कमध्ये ना स्प्रिंग असते ना तेल. खाचखळग्यांचा मार हातापर्यंत पोचायच्या आत थोपवायचा तो टायरमधल्या हवेनेच. त्यामुळे टायरचा निर्णय इथे जितका महत्त्वाचा, तितका सस्पेन्शनवाल्या सायकलवर कधीच नसतो.

प्रश्न: माझ्या २९ इंची रिजिड सायकलला २.१ इंची टायर आहेत. दगडगोट्यांच्या वाटेवर तासाभरात मनगटं भरून येतात. माझ्या फ्रेममध्ये किती रुंद टायर बसेल, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

मोजून. दुसरा खात्रीचा मार्ग नाही. आधी मागची बाजू घ्या, कारण अडतं ते बहुधा तिथेच. मागच्या आसाच्या मध्यापासून पुढे ३४० मिमीवर दोन्ही चेनस्टेंवर (पेडलपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या आडव्या नळ्यांवर) खडूने खूण करा. २९ इंची चाकाच्या रिमची बैठक, म्हणजे टायरची कड बसते ती जागा, ६२२ मिमी व्यासाची, तिची त्रिज्या ३११. त्यात टायरच्या उंचीचा अर्धा भाग, म्हणजे सुमारे ३० मिमी मिळवला की टायरचा सर्वांत फुगीर भाग कुठे येणार ते कळतं. या खुणांपाशी दोन चेनस्टेंमधलं आतलं अंतर मोजा आणि त्यातून १२ मिमी वजा करा. अंतर ७४ मिमी भरलं तर उरले ६२. म्हणजे २.४ इंची (६१ मिमी) टायर बसेल, २.६ इंची (६६ मिमी) बसणार नाही.

दोन्ही अंगांना सहा-सहा मिलिमीटर मोकळे ठेवायचे, ते कारणाने. चढावर जोर लावला की चाक थोडं लचकतं. रिम मिलिमीटरभर आउट असतेच. नॉबच्या (टायरवरच्या रबरी उंचवट्यांच्या) खाचेत अडकलेला बारीक खडा प्रत्येक फेरीला चेनस्टे खरवडत जातो. फ्रेम कार्बनची असेल तर हे खरवडणं रंगावर थांबत नाही. टायर बसवल्यावर ६ नंबरची (६ मिमीची) ॲलन की हाताशी घ्या आणि टायर व चेनस्टे यांच्यामधून फिरवा. कुठेही न अडकता फिरली तर ठीक. चिखलात चालवणार असाल तर हीच परीक्षा ८ नंबरच्या कीने करा.

उंचीही बघा. ३११ अधिक ६१ म्हणजे आसापासून ३७२ मिमीवर टायरचा माथा येतो. फोर्कचा क्राउन (दोन पाय वर जुळतात तो भाग) आणि सीटस्टेंमधला (सीटकडून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या नळ्यांमधला) आडवा पूल ३७८ मिमीच्या पलीकडे हवा. पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) असेल तर पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठ्या दातचक्रावर चेन टाकून ती टायरला घासत नाही ना, हेही पाहून घ्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. नवा टायर हवा भरल्यावर दिवसा-दोन दिवसांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर फुलतो. बसवल्या बसवल्या जेमतेम मावलेला टायर परवा घासायला लागतो.

प्रश्न: सध्या एकच टायर घेता येईल. पुढचा घेऊ की मागचा?

पुढचा. हात, मनगटं, खांदे यांना बसणारा मार पुढच्या चाकातून येतो. मागच्या चाकाच्या धक्क्याला सीटवरून उठून उभं राहता येतं, गुडघे वाकवून धक्का झेलता येतो. हँडल मात्र सोडता येत नाही. शिवाय पुढे जागाही जास्त असते. अनेक रिजिड फोर्क सस्पेन्शन फोर्कच्या उंचीशी जुळवून लांब केलेले असतात, त्यामुळे टायरच्या माथ्यावर भरपूर मोकळीक राहते. तिथे पाहायचं ते फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर. पुढे २.६ आणि मागे २.३५ किंवा २.४ ही जोडी रिजिड सायकलवर फार चांगली चालते. पैसे जमल्यावरही मागे तेवढंच रुंद घ्यायला हवं असं नाही.

प्रश्न: २.१ काढून २.६ बसवले. टायर दिसायला दणकट, पण धक्के पूर्वीइतकेच, उलट सायकल चेंडूसारखी उडते. हवा जुन्याएवढीच, ३० पीएसआय (दाबाचं माप) भरतो. टायर खराब निघाला का?

टायर ठीक आहे, हवा जास्त आहे. अशी पत्रं आमच्याकडे सतत येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरच्या केसिंगवरचा, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या कापडावरचा, ताण दोन गोष्टींवर ठरतो: आतला दाब आणि टायरची रुंदी. दाब तोच ठेवून टायर जाड केला तर ताण त्याच प्रमाणात वाढतो. २.१ चा टायर ३० पीएसआयवर जितका ताठ असतो, तितका ताठपणा २.६ च्या टायरला २४ पीएसआयलाच येतो आणि ३ इंची टायरला २१ लाच. म्हणजे ३० भरून तुम्ही नवा टायर जुन्यापेक्षा कडक करून ठेवलात. रुंदी वाढवण्याचा फायदा असा की आत हवा जास्त मावते (२.१ च्या मानाने २.६ मध्ये सुमारे दीडपट), म्हणून कमी दाबावरही रिम दगडाला लागत नाही. तो फायदा दाब उतरवल्याशिवाय हाती लागत नाही.

साधारण ७० किलोच्या स्वाराने ट्यूबलेस टायरवर इथून सुरुवात करावी: २.४ ला पुढे १९, मागे २२. २.६ ला पुढे १६, मागे १९. ३ इंचाला पुढे १२, मागे १४. ट्यूब असेल तर ३ ते ४ पीएसआय वाढवा. वजनात दर १० किलोंच्या फरकाला एक-दीड पीएसआय कमी-जास्त. मग नेहमीच्या वाटेचा एकच तुकडा धरा, ज्यात दगड, मुळं आणि एक आवळ वळण आहे, आणि दर फेरीला एक-एक पीएसआय उतरवत जा. दोनपैकी एक खूण मिळेपर्यंत उतरवायचं: दगडावर रिमचा ‘टक्’ असा कोरडा आवाज, किंवा वळणावर टायर रिमवरून बाजूला सरकल्यासारखं वाटणं. खूण मिळाली की दोन पीएसआय परत भरा. तो आकडा लिहून ठेवा.

यासाठी मोजमाप नीट हवं. स्टँडपंपाच्या १६० पर्यंतच्या तबकडीवर १५ आणि १८ मधला फरक डोळ्याला दिसतही नाही. शून्य ते ३० चा वेगळा गेज घ्या आणि कायम तोच वापरा. दोन गेजांचं आपसात क्वचितच जमतं. बारा पीएसआयवर एकाचा फरक म्हणजे आठ टक्के, तो हाताला नक्की कळतो.

उडण्याबद्दल. टायर ही नुसती स्प्रिंग आहे, तिला आवर घालणारा डँपर नाही. एकामागोमाग एक बारीक उंचवटे असलेल्या वाटेवर वेग वाढला की कितीही चांगला जाड टायर थोडा नाचणारच. दाब कमी केल्याने आणि केसिंग मऊ असल्याने हे बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. तिथे वेग उतरवणं आणि कोपरं सैल ठेवणं हाच उपाय. याच कारणासाठी रिजिड सायकलवर जमेल तेवढा जाड टायर घालावा, या सल्ल्याशी आम्ही सहमत नाही.

प्रश्न: रिमवर ‘६२२×१९’ असं छापलंय. २.६ बसेल का?

बसेल, पण सुख लागणार नाही. १९ हा रिमच्या दोन कडांमधला आतला रुंदीचा आकडा. टायरची रुंदी त्याच्या दुपटीच्या आसपास असावी; अडीचपटीपर्यंतही छान चालतं. २.४ साठी २५ ते ३० मिमी, २.६ साठी ३० ते ३५, ३ इंचासाठी ३५ ते ४५ मिमी रिम योग्य. १९ वर २.६ चा टायर विजेच्या दिव्यासारखा दिसतो: बुडाशी चिंचोळा, वर फुगलेला. दाब उतरवला की वळणावर बाजू दुमडते, ट्यूबलेस असेल तर कडेतून हवा फस्सकन निसटते. ती आवरायला दाब वाढवावा लागतो, म्हणजे रुंद टायर घेण्यातला मुद्दाच गेला. या रिमवर २.२५ पर्यंतच थांबा, किंवा टायरचे पैसे बाजूला ठेवून आधी पुढचं चाक रुंद रिमवर बांधून घ्या. दोन्हींत निवडायचं तर आम्ही रिमला कौल देऊ.

उलट चूकही होते. ४० मिमी रिमवर २.२५ घातला तर माथा सपाट होतो, कडेच्या नॉब वर येतात आणि रिमच्या कडा दगडांना उघड्या पडतात.

प्रश्न: २९ इंची फ्रेममध्ये २७.५×३ ची चाकं घालता येतील का? पेडल जमिनीला लागतील अशी भीती वाटते.

डिस्क ब्रेक असतील तरच विचार करा. रिम ब्रेकचे पॅड लहान रिमपर्यंत पोचणार नाहीत.

उंचीचं गणित कागदावर फार सुंदर जुळतं. २९×२.२५ म्हणजे ६२२ अधिक दोनदा ५७, बाहेरचा व्यास ७३६. २७.५×३ म्हणजे ५८४ अधिक दोनदा ७६, पुन्हा ७३६. प्रत्यक्षात जाड टायर छापील रुंदीइतका उंच क्वचितच भरतो, आणि कमी दाबावर बसल्या बसल्या दबतो. त्यामुळे बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्याभोवती फिरतात तो आस) ५ ते १० मिमी खाली येईल असं धरून चाला. आधीच २९×२.४ वर असाल तर त्यात आणखी ४ मिमी मिळवा. तुमची भीती अगदीच निराधार नाही. दगडांच्या वाटेवर पेडल कधी आडवं ठेवायचं, याची सवय पुन्हा करावी लागेल. पण खरी अडचण रुंदीची असते. ७६ अधिक १२ म्हणजे आसापासून ३३० मिमीवर चेनस्टेंमध्ये ८८ मिमी जागा हवी. मुद्दाम त्यासाठी न बनलेल्या फ्रेममध्ये ती सहसा नसते.

२९ इंची चाकावरच्या तीन इंची टायरची ओळख सायकलजगताला झाली ती मुळात रिजिड सायकलवरूनच. सर्ली या अमेरिकी कंपनीने २०१२ मध्ये क्रॅम्पस ही सायकल २९×३ च्या नार्ड टायरसह आणली, तीही रिजिड फोर्कची. त्या धर्तीवर फक्त पुढे २९×३ आणि मागे २९×२.४ ठेवणारे बरेच आहेत. त्याने पुढची बाजू सुमारे १५ मिमी वर उचलली जाते आणि हेडट्यूबचा (फोर्क ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन पाऊण अंशाने ढळतो. उतारावर सायकल स्थिर वाटते, खड्या चढावर पुढचं चाक भटकतं. स्टेमखालची (हँडल धरणाऱ्या भागाखालची) एक स्पेसरची चकती काढून वर टाकली की बराच फरक पडतो.

प्रश्न: एकाच मापाचे दोन टायर आहेत, एक ६० टीपीआय, दुसरा १२०. किमतीत बराच फरक. रिजिडसाठी कोणता?

१२० चा, पण पुढे. टीपीआय म्हणजे एका इंचात केसिंगचे किती धागे. धागे बारीक असले की केसिंग पातळ आणि लवचिक होतं, बारीक खडे पोटात घेतं. टायर दुकानात हातात घेऊन अंगठा आणि बोटाच्या चिमटीत त्याची बाजू दुमडून बघा: लवचिक केसिंग कापडासारखं दुमडतं, जाड केसिंग पुठ्ठ्यासारखं अडतं. २.४ चा मऊ टायर २.८ च्या ताठ टायरपेक्षा हाताला अधिक सुखाचा वाटतो, हे लक्षात असू द्या. मागे मात्र ६० टीपीआय आणि बाजूला संरक्षक थर असलेला घ्या. रिजिड सायकलच्या मागच्या चाकाला धारदार दगडांचा मार खूप बसतो आणि पातळ बाजू फाटते.

आकड्यांची तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करा. काँटिनेंटल ‘३/१८०’ लिहिते, त्याचा अर्थ ६० धाग्यांचे तीन थर.

नक्षीचं थोडक्यात: पुढे अंतर ठेवून मांडलेल्या उंच नॉब आणि मऊ रबर, मागे मधल्या पट्ट्यात जवळजवळ मांडलेल्या बुटक्या नॉब.

प्रश्न: रुंद टायर ट्यूबलेस करताना पंपाने टायरची कड रिममध्ये बसतच नाही. हवा भरावी तेवढी बाहेर. काय चुकतंय?

बहुधा रिमच्या आत लावायची टेप. ती रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद हवी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतीला चढते. ३० च्या रिमवर २५ ची टेप लावली तर कडेने हवा जाणारच. टेप नीट असूनही अडत असेल तर असं करा. टायर आधी साध्या ट्यूबवर बसवा, दोन्ही कडा जागेवर येईपर्यंत हवा भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी एकाच बाजूची कड उतरवा, ट्यूब काढा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा. दुसरी कड जागची हलू देऊ नका; अर्धं काम तिनेच केलेलं असतं. सुटी कड साबणाच्या पाण्याने ओली करा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला स्क्रूसारखा भाग) काढा आणि जोरात पंप मारा. दोन-तीन ‘फट्’ आवाज आले की कड बसली. रिमवर आणि टायरवर छापलेला कमाल दाब ओलांडू नका, दोन्हींत जो कमी असेल तो पाळा. तीन इंची टायरांचा कमाल दाब बराच कमी असतो.

मग हवा सोडा आणि कोअरच्या वाटेने सीलंट (भोकं आतून बुजवणारं द्रव) घाला: २.४ ते २.६ ला १०० ते १२० मिली, ३ इंचाला १५०. परत हवा भरून चाक फिरवा, हलवा, दोन्ही बाजूंवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा. एखाद्या आऱ्याच्या भोकातून हवा येत असेल तर गळती तिथे असेलच असं नाही. टेप कुठेतरी फाटलेली असते आणि हवा रिमच्या पोकळीतून फिरून तिथे निघते. अशा वेळी टेप पूर्ण काढून नवी लावा, ठिगळ टिकत नाही. सीलंट दोन-तीन महिन्यांनी तपासा. कोरड्या हवेत तो लवकर वाळतो आणि टायरच्या आत रबराच्या गोळ्या तेवढ्या उरतात.

प्रश्न: टायर बदलल्यापासून सायकल कॉम्प्युटर अंतर कमी दाखवतो.

चाकाचा परीघ नव्याने भरा. नेहमीची हवा भरून, सायकलवर बसून, व्हॉल्व्ह खाली असताना जमिनीवर खूण करा, सरळ रेषेत चाकाची एक पूर्ण फेरी जा, दुसरी खूण करा. दोन खुणांमधले मिलिमीटर कॉम्प्युटरमध्ये टाका. तक्त्यातला आकडा घेऊ नका. इतक्या कमी दाबावर टायर दबतो आणि तक्ता ते धरत नाही.