इंडक्शन शेगडीचा एरर कोड बघून लगेच पार्ट बदलू नकोस
अरे, डिस्प्लेवर ई-३ दिसला की आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा पॉवर ट्रान्झिस्टर) काढायला धावू नकोस. एका कंपनीचा ई-३ म्हणजे जास्त व्होल्टेज, दुसरीचा म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार. अर्थ त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातच बघ. आधी भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतंय का ते पाहा. ॲल्युमिनियमच्या कढईपायी माझ्या कितीतरी फेऱ्या फुकट गेल्यात. मग पंखा. ऐरोलीत एका घरी शेगडी 'तापली' म्हणून सारखी बंद पडायची, उघडली तर पंख्यात झुरळ अडकलेलं!

सेन्सर कॉइलच्या मधोमध असतो. प्लग काढ, कनेक्टर सोडव, मल्टिमीटर लाव. बऱ्याच शेगड्यांत २५ अंशाला १०० किलोओहमच्या आसपास येतं. चिमटीत धरून ऊब दिलीस की आकडा उतरायला हवा. ढिम्म राहिला तर सेन्सर गेला.

आणि हो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात. मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. फ्यूज उडाला असेल तर ब्रिज (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) आणि आयजीबीटी शॉर्ट नाहीत ना, हे आधी तपास. पहिल्यांदा चालू करताना जुना १०० वॉटचा फिलामेंटवाला पिवळा बल्ब शेगडीच्या सिरीजमध्ये लाव.