मासळीच्या पिकअपचा तळ गंजू नये म्हणून
भावा, आपल्या कोल्हापुरात थंड देशांसारखं बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण रत्नागिरीहून मासळी आणणाऱ्या पिकअपच्या चॅसीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बर्फाचं खारं पाणी वाटभर ठिबकतं. आंबा घाट चढून आलास की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं तळ धू. चॅसीची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी कर. तिथं चिखल बसला की गंज आतून खातो, बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. दोन दिवस वाळव, वायर ब्रशनं सुटा गंज काढ, रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा) हात दे, वर चॅसी ब्लॅक, म्हणजे चॅसीचा काळा रंग. ओल्यावर मारलास तर पापुद्रा सुटून पाणी आतच अडकतं. वापरलेलं इंजिन ऑइल नकोच, सांध्यांतले रबरी बुश फुगतात. ब्रेक आणि सायलेन्सर झाकूनच मार. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लावच.