डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकत घेऊन काही होतं का, की सगळं पुढारीच ठरवतात?

होतं, पण हरकत कधी आणि कशी घेतली त्यावर आहे. मी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणून उदाहरणं इथलीच देतो.

1966 च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तिघे, शिवाय नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. गोम इथेच आहे. लोकांना विचारतात ते नकाशा तयार झाल्यावर. कोणता सर्व्हे नंबर पिवळ्यात (रहिवासी), कोणता हिरव्यात (शेती), रस्ता कुणाच्या वावरातून, ही ओढाताण तोवर उरकलेली असते. सुनावणीला कधी जाऊन पाहा. भिंतीवरच्या नकाशावर म्हातारे शेतकरी बोट फिरवत आपला गट नंबर शोधत असतात. ज्यांचं काम आधीच झालंय ते तिकडे फिरकतही नाहीत.

आमचा सुधारित आराखडा 2015-16 च्या सुमारास कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं अडकला. शहर थोडंच थांबणार? बाँडपेपरवर प्लॉट विकले गेले, वसाहती उभ्या राहिल्या. 2021 मध्ये गुंठेवारी कायदा (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या बेकायदा प्लॉटांबाबतचा) दुरुस्त करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायला वाट दिली. गरिबाच्या डोक्यावरचं छत वाचलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा वस्तीत बागेला किंवा नाल्याला जागा कुठून आणणार? आणि मतं तिथंच असल्यामुळे हे बोलायला कुणी धजत नाही.

कागदावर ऐकलं नाही की लोक रस्त्यावर येतात. शहरालगतच्या नारेगावला वर्षानुवर्षं शहराचा कचरा पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग साचले. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या, तर तिथं दंगल झाली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलच्या प्रक्रिया केंद्रांना गती आली ती या सगळ्यानंतर. हाही लोकसहभागच म्हणायचा, फार महागात पडलेला.

त्यात एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता. नगरसेवक कसाही असो, दारात जाऊन भांडता तरी येतं.

तुमच्या गावात आराखडा सुरू होत असेल तर प्रारूपाची वाट पाहू नका. त्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतात. आपल्या भागातला नाला, विहीर, मोकळं मैदान त्यात आलंय का ते तेव्हाच तपासा. हरकत घ्यायचीच तर ‘पर्यावरणाची हानी होते’ असं मोघम लिहू नका. गट नंबर, आरक्षण क्रमांक (बाग, शाळा अशा कामासाठी राखलेल्या जागेचा), जुन्या आराखड्यात तिथं काय होतं आणि आता काय दाखवलंय, एवढं लिहा, आवक क्रमांक घ्या, नि सुनावणीला गल्लीतले चार जण बरोबर न्या.